मणिभवन, गावदेवी : भिंतीवरचं एक पत्र वाचायला जा

मणिभवनला मी पाचपैकी साडेचार गुण देते, आणि त्यातले निम्मे एकट्या एका पत्राचे आहेत.

गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवरचं हे घर बहुतेक मुंबईकरांनी शाळेत असताना रांगेतून पाहिलेलं असतं. नंतर परगावचे पाहुणे आले तरच त्याची आठवण होते. मी परळच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते आणि नववीच्या मुलांना घेऊन इथे येत असते. गांधीजींचं आयुष्य समजून घ्यायला मुंबईत दुसऱ्या जागाही आहेत. पण अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला त्याच्या देशातल्या वंशभेदाबद्दल गांधीजींनी थेट विचारलेला प्रश्न भिंतीवर वाचायला मिळतो, तो इथे. माझं हे परीक्षण मुख्यतः त्या पत्राबद्दल आहे.

आधी घराबद्दल थोडक्यात. हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं, गांधीजींच्या स्नेह्यांचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की त्यांचा मुक्काम इथे असे. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह इथून उभा राहिला आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली तीही इथेच. १९५५ पासून ते स्मारक म्हणून जपलेलं आहे. तळमजल्यावर मोठं ग्रंथालय, वर छायाचित्रं, कागदपत्रं आणि पत्रांच्या प्रती. दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे गांधीजींची खोली दिसते, त्यात जमिनीवरची गादी आणि चरखे. त्याच मजल्यावर छोट्या बाहुल्यांतून त्यांच्या आयुष्यातले प्रसंग मांडलेत. मुलं तिथे हमखास रेंगाळतात आणि त्यांना रेंगाळू द्यावं. पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर गोऱ्या प्रवाशाच्या तक्रारीवरून पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलेला तरुण बॅरिस्टर मुलांच्या लक्षात राहतो. ती गोष्ट १८९३ ची.

आता पत्र. भिंतीवर दोन पत्रं अशी आहेत की ज्यांच्यापाशी माणसं थांबतात. एक हिटलरला २३ जुलै १९३९ रोजी लिहिलेलं, जे सरकारने पुढे जाऊच दिलं नाही. त्याच्यासमोर नेहमी गर्दी. नाव ओळखीचं, मजकूर छोटा आणि सुरुवात ‘प्रिय मित्र’ अशी, त्यामुळे मुलं एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवतात. दुसरं पत्र अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना, १ जुलै १९४२ चं, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून लिहिलेलं. त्याच्यासमोर थांबणारे कमी. मी मुलांना तिथेच उभं करते.

पत्राची सुरुवात इतकी साधी आहे की पुढे काय येणार याचा अंदाजही येत नाही. तुमच्या थोर देशात येण्याची संधी माझी दोनदा हुकली, तिथे माझे ओळखीचे आणि अनोळखी असे पुष्कळ मित्र आहेत, थोरो आणि इमर्सन या अमेरिकन लेखकांच्या लेखनाचा मला फार लाभ झाला, असं गांधीजी लिहितात. मग ब्रिटिशांची सत्ता नको असली तरी इंग्लंडमधल्या मित्रांवर आपलं प्रेम आहे, हेही सांगतात. स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तराष्ट्रांचं सैन्य इथे राहू शकेल, असा व्यवहारी प्रस्ताव मांडतात. आणि मध्येच, आवाज जराही न चढवता, ते वाक्य येतं. जगात व्यक्तिस्वातंत्र्य आणि लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून आम्ही लढतोय, असं दोस्तराष्ट्रं म्हणतात. पण जोवर ग्रेट ब्रिटन भारताचं आणि आफ्रिकेचंही शोषण करतंय आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात निग्रोंचा प्रश्न तसाच आहे, तोवर ही घोषणा पोकळ वाटते.

हे पत्र टपालात टाकलं नव्हतं. त्या जूनमध्ये सेवाग्रामला राहून गेलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर ते घेऊन गेले. म्हणजे वाक्य लिहिणाऱ्याला ते पोचवायचंच होतं.

त्या वाक्याचं वजन कळायला थोडी तयारी लागते आणि ती भिंतीवरच्या चौकटीत मावणारी नाही. म्हणून मी आदल्या तासाला मुलांना १९४२ ची अमेरिका सांगते. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. रेडक्रॉस जखमी सैनिकांसाठी रक्त गोळा करत असे, तेही वंशानुसार वेगळं ठेवलं जाई. हे ऐकलं की वर्ग एकदम शांत होतो आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागतात. जीवशास्त्राच्या तासाला रक्तगट शिकलेली मुलं असतात. रक्ताच्या बाटलीवर माणसाचा वंश लिहिण्याला कसलाही आधार नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला रूझवेल्ट यांनी ज्या आदेशावर सही केली, त्यामुळे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत राहावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. गांधीजींनी पत्र लिहिलं तेव्हा त्या आदेशाला पाच महिनेही झाले नव्हते.

पण रूझवेल्ट यांची दुसरी बाजूही मी तितक्याच आवाजात सांगते. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या युनियनचे पुढारी. परळच्या मुलांना युनियन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, आजोबांकडून ऐकलेलं असतं. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आमच्या लोकांना काम द्या, नाहीतर एक लाख माणसं घेऊन वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो, असं रँडॉल्फ यांनी सरकारला बजावलं. मोर्चाची तारीख होती १ जुलै १९४१. रूझवेल्ट यांनी २५ जूनला आदेश काढून युद्ध उद्योगांतल्या वंशभेदाला मनाई केली आणि मोर्चा मागे घेतला गेला. गांधीजींच्या पत्राची तारीख मोर्चाच्या ठरलेल्या तारखेच्या बरोबर एक वर्षानंतरची आहे. हा योगायोगच, पण दोन्ही तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या की मुलांना न सांगता कळतं की या राष्ट्राध्यक्षाला वंशाच्या प्रश्नावर हलवावं लागत होतं, तो आपणहून हलत नव्हता.

त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांचं तसं नव्हतं. १९३९ मध्ये मारियन अँडरसन या गायिकेला ती कृष्णवर्णीय म्हणून वॉशिंग्टनमधलं एक सभागृह नाकारलं गेलं, तेव्हा ते सभागृह चालवणाऱ्या संस्थेच्या सदस्यत्वाचा एलिनॉर यांनी राजीनामा दिला. मग ९ एप्रिलला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन गायल्या आणि समोर ७५,००० लोक होते. एलिनॉर यांचे पती मात्र झुंडहत्यांविरुद्धच्या कायद्याच्या बाजूने उघडपणे उभे राहिले नाहीत. दक्षिणेकडचे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर बिथरले तर बाकीचे कायदे अडतील, ही त्यांची भीती होती.

‘बाई, मग तो चांगला होता की वाईट?’ हा प्रश्न दरवेळी येतोच. मी उत्तर देत नाही. पुरावे देते आणि वाद घालायला लावते.

आता एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं पत्र म्हटलं की एकच पत्र डोळ्यांसमोर येतं : लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं. मराठी शाळांच्या भिंतींवर, क्लासच्या जिन्यात, घराघरांतल्या दिवाणखान्यात ते लॅमिनेट करून लावलेलं असतं. लिंकनच्या संपादित लेखनसंग्रहात ते पत्र नाही आणि ते त्याने लिहिल्याचा पुरावाही नाही. मजकूर सुंदर आहे, मुलांनी तो जरूर वाचावा. पण त्यामुळे आपल्या घरांत लिंकन उरला तो फक्त एक समंजस बाप म्हणून. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिनाम्यावर सही करणारा लिंकन, ज्याच्या देशाने गुलामगिरी संपवली म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तो लिंकन त्या लॅमिनेटमध्ये नाही. फुल्यांना अमेरिकेकडून काय घ्यायचं ते नेमकं कळलं होतं. मणिभवनच्या भिंतीवरचं पत्र फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेच्या जातीचं आहे. ते खरं आहे, तारीखवार आहे, आणि त्यात वडीलधारा उपदेश नसून बरोबरीच्या नात्याने केलेली विचारणा आहे.

आपल्या नेत्यांची अडचणीची बाजूही लोकांपुढे मांडण्याचं काम अमेरिकेतल्या संग्रहालयांनी आणि स्मारकांनी कसं केलं, ते मी मुलांना फोटोंतून आणि त्यांनी खुल्या केलेल्या कागदपत्रांतून दाखवते. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी, स्वतःच्या घराच्या आवारात, रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये अध्यक्षपदावर असतानाच आपलं ग्रंथालय राष्ट्राला दिलं. राष्ट्रीय अभिलेखागार चालवतं असं ते पहिलं अध्यक्षीय ग्रंथालय. त्याच इमारतीत २०१७ मध्ये जपानी वंशाच्या लोकांच्या छावण्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. २०२३ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन, नागरी हक्क आणि रूझवेल्ट दांपत्य या विषयावर मोठं प्रदर्शन झालं. ज्याने घर दिलं त्याच्याच घरात त्याच्या सहीच्या आदेशाने उठवलेल्या माणसांचे चेहरे लावायचे, याला हिंमत लागते.

लिंकनच्या स्प्रिंगफील्डमध्ये तर आणखी अवघड गोष्ट जपली गेली. लिंकनचं घर तिथे राष्ट्रीय वारसा आहे, पर्यटक येतात. त्याच शहरात ऑगस्ट १९०८ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरं जाळली, माणसं मारली. त्या हादऱ्यातून पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी राष्ट्रीय संघटना जन्माला आली. २०१४ मध्ये रेल्वेमार्गाचं काम चालू असताना त्या जळालेल्या घरांचे पाये जमिनीत सापडले. काम पुढे रेटून ते गाडून टाकणं सोपं होतं. ते जपले गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. लिंकनचं घर आणि हे पाये एकाच गावात आहेत, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय लिंकनचा वारसा कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मणिभवनकडे परत येते. रूझवेल्ट यांचं उत्तर १ ऑगस्ट १९४२ चं. ते सभ्य आहे आणि छोटं आहे. समान शत्रूविरुद्ध दोन्ही देशांनी एकत्र यावं अशी आशा त्यात आहे. अमेरिकेच्या घरातल्या प्रश्नाबद्दल त्यात अक्षर नाही. उत्तराच्या तारखेनंतर आठवडा झाला आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे गांधीजी अटकेत होते. ते मैदान, आजचं ऑगस्ट क्रांती मैदान, मणिभवनपासून चालत काही मिनिटांवर आहे. मी मुलांना तिथे नेऊन बसवते आणि रूझवेल्ट यांच्या वतीने त्या एका वाक्याचं उत्तर लिहायला सांगते. एका मुलीने लिहिलं होतं : ‘तुमचं बरोबर आहे, पण मी निवडणूक हरलो तर?’ नववीतल्या मुलीला राजकारण इतकं नेमकं कळतं.

उत्तर पुढे दुसऱ्या माणसांनी दिलं. १९४८ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. आणि १९५९ मध्ये, बसमधल्या वंशभेदाविरुद्ध माँटगोमेरी शहरात झालेल्या बहिष्कारानंतर, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा किंग भारतात आले तेव्हा मुंबईत ते याच घरात राहिले. गांधीजी ज्या घरात झोपले तिथे झोपायला मिळणं हा कधीही न विसरण्यासारखा अनुभव आहे, असं किंग यांनी इथल्या अभिप्रायवहीत लिहिलं. ६ नोव्हेंबर २०१० ला बराक ओबामा इथे आले. सुरक्षेसाठी आसपासच्या माडांवरचे नारळ उतरवले होते, ते मुंबईत सगळ्यांना आठवतं. मला आठवतं ते हे, की अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष या घराचा जिना चढला. गांधीजी केवळ भारताचेच नव्हे तर जगाचे नायक आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. १९४२ चं पत्र, १९५९ चा मुक्काम आणि २०१० ची सही, हे तीन कागद एकत्र वाचले तर अमेरिकेच्या वंशप्रश्नाचा एक सलग धागा गावदेवीतल्या एका घरातून जाताना दिसतो. मुंबईत असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

अर्धा गुण मी राखून ठेवलाय, त्याचं कारण सांगते. या घराचा एकंदर सूर आदराचा आहे, आणि तो योग्यच आहे. पण जो रूझवेल्टना प्रश्न विचारतो त्यालाही प्रश्न विचारले गेले आहेत, हे मुलांना इथेच कळायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनी तिथल्या आफ्रिकन लोकांबद्दल तुच्छतेने लिहिलं. घानाच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी ते लेखन पुढे ठेवून मागणी केली आणि २०१८ मध्ये तिथला गांधींचा पुतळा हटवला गेला. हे लेखन जगाला मिळालं कुठून? भारत सरकारनेच छापलेल्या, शंभर खंडांच्या समग्र गांधी वाङ्मयातून. संपादकांनी नको ते वगळून छापलं नाही, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा मनापासून अभिमान वाटतो. गांधीजी पुढे बदलत गेले तेही त्याच खंडांत आहे. १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या भाषणात ते सगळे वंश एकमेकांत मिसळून जगाने कधी न पाहिलेली संस्कृती घडवण्याची गोष्ट बोलतात. १९४२ चं पत्र त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. हा सगळा प्रवास दुसऱ्या मजल्यावर, पीटरमॅरित्झबर्गच्या देखाव्याशेजारी सविस्तर मांडला, तर ते वाक्य आणखी मोठं होईल.

आणि मुंबईची मुलं पुढचा प्रश्न विचारणारच. एकाने मैदानात बसून विचारला : ‘बाई, अमेरिकेच्या घरातलं बोलले, आपल्या घरातल्या जातीचं काय?’ त्याला मी १९४६ चं दुसरं पत्र वाचून दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना ते लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून बाबासाहेबांनी त्याची प्रत मागवली. भारतातले अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत, असं कळवलं. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपली आणि वाचायला खुली केली आहेत. म्हणून माझा आग्रह असा, की मणिभवन पाहिलंत तर दादरच्या हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं घर, राजगृहही पाहा. एक पाहून दुसरं टाळलं तर गोष्ट अर्धीच राहते. ग्रँट रोडहून दादर लोकलने फार लांब नाही.

जाण्याबद्दल : ग्रँट रोडला पश्चिमेला उतरून नाना चौकातून चालत जा, टॅक्सीची गरज नाही. सकाळी उघडतानाच पोचलात तर निवांत वाचता येतं. २ ऑक्टोबरच्या आसपास गर्दी फार असते. तासाभरात सगळं उरकण्याचा बेत करू नका. मोठा गट नेणार असाल तर आधी कळवा आणि मुलांचे दोन भाग करा : एक भाग वर बाहुल्यांच्या देखाव्यांपाशी, दुसरा पत्रांपाशी, मग अदलाबदल. पत्र इंग्रजीत आहे, म्हणून मराठी मजकूर एका पानावर घरूनच करून न्या आणि दोन दिवस आधी वर्गात वाचून घ्या. मुलांना उभ्याने वाचायला दहा मिनिटं तरी द्या, आणि तेवढा वेळ आपण काहीही समजावू नका.